पिकअप उंच करायचीय? आधी वजनकाट्यावर न्या

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच विषयावर होते, लिफ्ट किट (गाडी उंच करायचे सुटे भाग) आणि शॉकअप. म्हणून बाकीचे बाजूला ठेवलेत, एसीवाले आणि बॅटरीवाले वाचक थोडा धीर धरा, पुढच्या अंकात तुमचा नंबर.

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस आहे, टायर २४५/७० आर १६. निफाडकडे द्राक्षबाग आहे, बागेचा रस्ता काळ्या मातीचा, पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या एवढ्या खोल पडतात की गाडी खालून घासते. एक गॅरेजवाला म्हणतो ४ इंच उंच करून देतो, पुढे स्पेसर (स्प्रिंगवर घालायची जाड चकती), मागे लांब शॅकल (मागच्या स्प्रिंगला चॅसीशी जोडणारी कडी), काही हजारात काम. मित्र म्हणतो पूर्ण किट घे, लाखाच्या घरात जाईल पण घे. मागे कधीकधी ५०० लिटरची पाण्याची टाकी असते. काय करू?
— एक बागायतदार, निफाड तालुका

दादा, आधी एक काम करा, गाडीखाली वाकून बघा की घासतंय नेमकं काय. मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा जो फुगवटा आहे तोच जर मातीतून नांगर ओढल्यासारखा जात असेल तर सस्पेन्शन लिफ्टने तुमचा प्रश्न सुटणार नाही, ४ इंच करा नाहीतर ६ इंच करा. कारण मागचा ॲक्सल अखंड आहे, तो चाकांवर उभा आहे, पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, नाही. पाटे बदलले की चॅसी वर जाते, हौदा वर जातो, पायदान वर जातं, पण ॲक्सल होता तिथेच राहतो. तो वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर. तुमच्या २४५/७० आर १६ ऐवजी २६५/७० आर १६ टाकला तर टायरचा व्यास २८ मिमीने वाढतो म्हणजे ॲक्सलखाली जागा वाढते १४ मिमी, बस एवढीच, आणि वर स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या आसपास पळत असेल. हे गॅरेजवाले सांगत नाहीत कारण त्यांच्याकडे किट विकायला असतं.

आणि घासणारी गोष्ट पुढची स्किड प्लेट, पायदान किंवा चॅसी असेल तर मात्र लिफ्टचा उपयोग आहे, चांगला उपयोग आहे.

आता ते ४ इंच. व्ही-क्रॉसला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म, दोन्ही चाकं स्वतंत्र, आणि फोर बाय फोर असल्यामुळे पुढच्या चाकांना पण शाफ्ट जातात. डिफरन्शियल चॅसीला बांधलेलं, चाक खाली, त्यामुळे गाडी जेवढी उचलाल तेवढा तो शाफ्ट तिरका होतो, सीव्ही जॉइंट, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकून फिरणारा सांधा, वाकड्या कोनात फिरत राहतो, रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर, माती आत, आणि मग कटकट आवाज सुरू. वरचा बॉल जॉइंट पण त्याच्या टोकाला जातो. ४ इंच नीट करायचं तर डिफरन्शियल खाली घ्यायचे ब्रॅकेट, वेगळे नकल, वेगळे आर्म असं सगळं लागतं, ते काही हजारात होत नाही. नुसत्या स्पेसरने ४ इंच म्हणजे पुढे साधारण २ इंच जाड स्पेसर, कारण स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी) खालच्या आर्मच्या टोकाला नसतो, मधेच कुठेतरी असतो, म्हणून १ इंचाचा स्पेसर गाडीला जवळजवळ २ इंच उचलतो. आणि मागे शॅकलचा हिशोब बरोबर उलटा, शॅकल २ इंच लांब केलं तर गाडी १ इंच उठते. म्हणजे ४ इंचासाठी ८ इंच जादा लांब शॅकल! तेवढ्या लांब शॅकलवर मागचा भाग वळणावर आडवा हलेल, ॲक्सल फिरून प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडेल आणि गाडी थरथरेल. त्या गॅरेजवाल्याला नमस्कार करा आणि घरी या.

माझं मत विचाराल तर अशा गाडीला ४० ते ५० मिमी, त्याच्या वर नाही. एवढ्यात सीव्ही जॉइंट सांभाळला जातो, बहुतेक वेळा वरचे आर्म पण मूळचेच चालतात. पण खरा मुद्दा उंचीचा नाहीये, वजनाचा आहे. तुमची ५०० लिटरची टाकी भरली की पाण्याचंच ५०० किलो झालं, वर टाकी, पंप, तुम्ही, गडी. आरसी बुक काढा, त्यात रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन दोन्ही लिहिलेलं असतं, त्यातला फरक बघा, आणि त्या फरकात माणसं पण धरायची असतात. मग जवळच्या वजनकाट्यावर गाडी न्या, तुमच्याकडे काटे काय कमी आहेत का, एकदा पूर्ण गाडी तोला आणि एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलवर किती येतं ते कळलं. रिकामी एकदा आणि नेहमीच्या सामानासकट एकदा. हा कागद हातात घेऊन किटवाल्याकडे जायचं.

कारण चांगल्या कंपन्यांचे, म्हणजे ओल्ड मॅन ईमू, आयर्नमॅन, टफ डॉग वगैरे, पाटे आणि स्प्रिंग वजनाप्रमाणे वेगवेगळे येतात, रोज रिकामी फिरणाऱ्या गाडीसाठी वेगळे, कायम वजन असेल तर वेगळे, अजून जड त्याच्या वर. बहुतेक लोक बढाईने सगळ्यात जड घेतात आणि मग रिकाम्या गाडीत नाशिकपर्यंत जाताना बायको बोलणं सोडते. तुमची टाकी कधीकधीच असते ना, मग मधल्या वजनाचे पाटे घ्या आणि टाकी अर्धी भरून दोन फेऱ्या मारा. फक्त अर्ध्या टाकीत पाणी हिंदकळतं, आत आडवे पडदे असलेली टाकी बघा. आणि जड पाटे टाकले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही, ब्रेक तेच, ॲक्सल तोच, बेअरिंग तीच.

प्रश्न : आमच्याकडे टोयोटा हायलक्स पिकअप आहे, वर रूफ टेंट, मागे हौद्यावर कॅनॉपी म्हणजे बंद टप, फ्रिज, दोन मुलं. सामान भरलं की मागून बसते आणि घाटात डोलते. नवरा म्हणतो कडक शॉकअप टाकले की बसायचं थांबेल. मोनोट्यूब घ्यावेत की ट्विनट्यूब? रस्ते आमचे सगळे लाल माती आणि जांभ्याचे.
— एक वाचक, रत्नागिरी

ताई, नवऱ्याला सांगा शॉकअप वजन उचलतच नाही. वजन उचलतात पाटे आणि स्प्रिंग, शॉकअपचं काम फक्त स्प्रिंग उसळली की तिला शांत करायचं. मागून बसते तो पाट्यांचा प्रश्न, डोलते तो बराचसा शॉकअपचा, आणि थोडा टेंटचा, कारण ५०-६० किलो तुम्ही गाडीच्या सगळ्यात उंच जागी ठेवलेत. टेप घ्या, चाकाच्या मध्यापासून वरच्या आर्चच्या कडेपर्यंत मोजा, रिकामी आणि भरलेली. कॅनॉपी आणि टेंट कायम गाडीवरच असतील तर ते कायमचं वजन धरून पाटे निवडा, आणि शॉकअप त्याच पाट्यांना जुळणारे, म्हणजे उसळीचा जोर ओळखून बनवलेले. जड पाट्यांवर मूळचे शॉकअप ठेवले तर गाडी खड्ड्यानंतर दोनतीनदा उसळत राहते, आणि उचललेल्या गाडीला मूळ लांबीचा शॉकअप कमी पडतो, चाक खाली लोंबकळलं की तो आतून ठोकर खातो.

आता मोनो का ट्विन. ट्विनट्यूबमध्ये नळीत नळी असते, तेल दोन्हीत फिरतं. खराब रस्त्यावर तास दीड तास सलग गेलात की तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे होतात, फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो, गार झाला की परत ठीक. तो फेस कमी व्हावा म्हणून त्यात कमी दाबाचा नायट्रोजन भरतात, किंवा फोम सेलवाल्यात गॅसच्या जागी फोम घालतात. मोनोट्यूबमध्ये एकच जाड नळी, आत जास्त दाबाचा गॅस एका तरंगत्या पिस्टनच्या पलीकडे कोंडलेला, तेल सरळ बाहेरच्या भिंतीला लागून असतं म्हणून लवकर गार होतं, बिल्स्टीनचे बरेचसे असे. चालवायला मोनोट्यूब जास्त धारदार, घाटात गाडी कमी झुकल्यासारखी वाटते.

पण तुमच्या जांभ्याच्या रस्त्यावर एक गोष्ट आहे. चाकाने उडवलेला दगड मोनोट्यूबच्या भिंतीवर बसून खड्डा पडला तर आत पिस्टन त्याच भिंतीला घासून चालतो, तो अडकतो, शॉकअप गेला. ट्विनट्यूबला बाहेरून पोचा पडला तरी आतली नळी वेगळी असते, बऱ्याचदा काही होत नाही. शिवाय कुटुंब, मुलं, उलट्या वगैरे बघता मी तुमच्या जागी असतो तर मोठ्या व्यासाचे फोम सेल किंवा नायट्रोजनवाले ट्विनट्यूब घेतले असते आणि उरलेल्या पैशात कॅनॉपीऐवजी हौद्यावर रॅक लावून टेंट खाली आणला असता. रिमोट रिझर्व्हॉयर, बायपास असले खास शॉकअप हे सगळं वाळवंटात वेगाने गाड्या पळवणाऱ्यांचं, आंबा घाटात त्याचं काही काम नाही.

प्रश्न : बोलेरो पिकअप, कांदा वाहतो. मागे एक जादा पाटा टाकला तर चालेल का?
— मंचर

भाऊ, पाटा थकून सरळ झाला असेल तर कमानपाटेवाल्याकडे सेट बदलून घ्या, मूळ मापाचा. जादा पाटा टाकून जादा कांदा न्यायचा विचार असेल तर उत्तर नाही. आणि एक, काही पिकअपना मागच्या ब्रेकला वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, चॅसी आणि ॲक्सलमधलं अंतर बघून तो मागचा ब्रेक कमी जास्त करतो. पाटे उंच केले की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, मागचा ब्रेक कमी लागतो, नेमका भरलेल्या गाडीत. तुमच्या गाडीला असेल तर पाट्याचं कुठलंही काम झाल्यावर तो परत सेट करून घ्यायचाच.

प्रश्न : लिफ्ट केली तर आरटीओ पकडेल का? सगळे तर करतात.
— पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि अजून बरेच

सगळे करतात हे पोलिसाला सांगून बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीमध्ये लिहिलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच ठणकावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ मापाचा चांगला शॉकअप बसवणं म्हणजे घासलेला पार्ट बदलणं, त्याला कुणी सहसा हात लावत नाही. गाडी डोळ्यात भरेल एवढी उंच करणं वेगळं. मी वर ४०-५० मिमी म्हटलं ते मेकॅनिकल हिशोबाने, कायद्याने त्याला खास सूट आहे असं समजू नका. काम करायच्या आधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, अपघातानंतर सर्व्हेअरला कळण्यापेक्षा ते बरं. वॉरंटी चालू असेल तर सस्पेन्शनच्या क्लेमवर वाद होणार हे पण धरून चाला.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये असतो, टोयोटा टाकोमा पिकअप आहे. इथे सगळे पुढून लेव्हलिंग किट टाकतात, नाक वर. मी पण टाकू का? महिन्यातून एकदा बोट ओढतो.
— ह्यूस्टन

कंपनीने गाडी मागून थोडी उंच मुद्दाम ठेवलीय, वजन पडलं की सपाट व्हावी म्हणून. पुढून सपाट केलीत आणि मागे बोटीचा ट्रेलर जोडला की मागचं बसणार, नाक आकाशात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात आणि पुढच्या चाकांवरचं वजन कमी. बोट ओढणाऱ्याने आधी मागचे पाटे किंवा स्प्रिंग बघावेत. पुढे फक्त शॉकअप बदलायचे असतील तर उंची ॲडजस्ट होणारे मिळतात, बिल्स्टीन ५१०० सारखे, त्यांना सगळ्यात खालच्या खाचेवर ठेवा.

प्रश्न : ५० मिमीचं किट बसवून पंधरा दिवस झाले. हायवेला स्टिअरिंग भटकतं, वळण घेतल्यावर आपोआप सरळ येत नाही, आणि मागून कुईकुई आवाज. फिटर म्हणतो नवीन आहे, सेट होईल.
— सातारा

सेट होणार नाही. पुढून उचलली की कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, स्टिअरिंग स्वतः सरळ येतं ते कॅस्टरमुळेच. अलाइनमेंटला जा आणि फक्त टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) नको, कॅस्टर आणि कॅम्बरचे (चाक उभ्यात किती झुकलंय) आकडे छापून मागा, दोन्ही बाजूंचे. कंपनीच्या मापात बसत नसतील तर वरचे आर्म बदलावे लागतील, ५० मिमीला कधीकधी लागतात.

कुईकुईची दोन कारणं असू शकतात. पॉलियुरेथेनचे बुश (सांध्यातल्या लवचिक गादीसारख्या नळ्या) असतील तर कोरडे पडलेत, त्यांचं म्हणून जे ग्रीस येतं ते लावा, साधं नको. दुसरं, फिटरने गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बुशचे बोल्ट आवळले असतील, तसं केलं की रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि गाडी खाली आली की कायम ताणलेलं राहतं, थोड्या महिन्यांत फाटतं. सगळे बोल्ट ढिले करा, गाडी चारही चाकांवर उभी करा, दोनदा दाबून सोडा, मग आवळा. पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट जुनेच परत वापरलेत का ते पण विचारा, वापरले असतील तर नवीन टाकायला लावा आणि ५०० किमी झाल्यावर टॉर्क रेंचने परत तपासा. हेडलाइटचा झोत पण खाली करून घ्या, ते काम फुकट आहे आणि कुणीच करत नाही.