1837 पूर्वीचे साधे इंग्रज कुटुंब चर्चच्या नोंदवह्यांतून कसे शोधावे?

आपल्या यजमानांचे पूर्वज इंग्लंडच्या सफोक परगण्यातील शेतमजूर होते आणि 1837 मध्ये सरकारी नोंदणी सुरू होण्यापूर्वीचा त्यांचा माग लागत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या पत्नीच्या माहेरच्या घराण्यासाठी मी हेच काम केले असल्याने अनुभवाचे तेवढे सांगतो.

1538 पासून प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गाव-वस्तीने, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी असा आदेश होता. मात्र आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पिढ्यांचा क्रम आयता सापडतो, तसे येथे नाही. येथे एकेक सुटी ओळ असते आणि नाते आपणच सिद्ध करायचे असते. 1813 मध्ये छापील तक्ते येण्यापूर्वी तर ‘विल्यम, जॉन व मेरी यांचा मुलगा’ एवढ्यावरच भागवलेले असे.

आमचा विल्यम 1841 च्या जनगणनेत पन्नास वर्षांचा दिसतो. त्या जनगणनेत प्रौढांचे वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहीत, म्हणजे तो 50 ते 54 यांपैकी कितीही वर्षांचा असू शकतो. त्याच गावात 1788 चा बाप्तिस्मा मिळाला आणि मी उत्साहाने वर तीन पिढ्या मांडून मोकळा झालो. पुढे दफनाची वही चाळताना, तेच बाळ आठव्या महिन्यात पुरल्याची फिकट शाईतली ओळ दिसली, आणि तिन्ही पिढ्या खोडाव्या लागल्या! खरा विल्यम शेजारच्या गावचा निघाला. गरिबांना मदत कोणत्या पॅरिशने द्यायची हे ठरवताना न्यायाधीशांसमोर माणसाची जबानी घेत. तीत त्याने आपले जन्मगाव सांगितले होते. म्हणून बाप्तिस्मा सापडताच आधी दफनाची वही पाहा आणि मजुरांच्या बाबतीत ही वस्तीची कागदपत्रे अवश्य मागा.

1752 पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे विवाह जून 1720 चा आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1720 चा दिसला, तर भलता संशय घेऊ नये. तो फेब्रुवारी आजच्या हिशेबाने 1721 चा आहे. वही फाटली किंवा हरवली असल्यास बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल पाहावी.

बाप्तिस्मे अजिबातच मिळाले नाहीत, तर कुटुंब बॅप्टिस्ट वगैरे, म्हणजे पॅरिशच्या अधिकृत चर्चबाहेरच्या, ख्रिस्ती पंथाचे असू शकते. अशा वेळी विवाहाच्या वहीपासून सुरुवात करा, कारण 1754 ते 1837 या काळात क्वेकर (असाच आणखी एक ख्रिस्ती पंथ) व ज्यू वगळता सर्वांना विवाह पॅरिशच्या चर्चमध्येच करावा लागे.