सासरे म्हणाले, यंदा तू एकटाच जा

प्रश्न: ताई नमस्कार. मी मूळचा चिपळूणकडचा, गेली 14 वर्षं विस्कॉन्सिनमध्ये आहे. बायको इथलीच, आणि तिच्या वडिलांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी मला शिकार शिकवली. दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे हरणांचा गन सीझन सुरू होतो, नऊ दिवस असतो, आम्ही दोघं शुक्रवारीच मॅडिसनहून निघतो, वर हेवर्डच्या बाजूला त्यांची जुनी केबिन आहे तिथे राहतो. सहा वर्षांत एकदाही चुकलं नाही. यंदाही मी सुट्टी टाकली, नवीन बूट घेतले, आणि परवा त्यांचा मेसेज आला की माझं जमत नाही, तू जा. बस, एवढंच. फोन केला तर पावसापाण्याचं बोलले आणि ठेवून दिला. बायको म्हणते सोड ना, डॅड असेच आहेत.

पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. जुलैमध्ये ते छपराची पन्हळ साफ करायला शिडीवर चढले होते तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो की आता वय झालं तुमचं (71 आहेत), उतरा खाली. ते लागलं असेल का? तसं गेल्या वर्षी झाडावरच्या स्टँडवरून (आपल्या मचाणासारखी बैठक) उतरताना त्यांना बराच वेळ लागला होता, पाय झोपला म्हणाले, पण तो विषय तिथेच संपला. माझे बाबा मी कॉलेजात असतानाच गेले, त्यामुळे ह्या माणसाबरोबरचे ते चार दिवस माझ्यासाठी काय आहेत ते इथल्या मराठी मित्रांना सांगता येत नाही, शिकार म्हटलं की ते वेगळ्याच नजरेने बघतात. मी पण रद्द करू का? एकट्याने गेलो तर चालेल का? आणि त्यांनी लायसन्स काढून ठेवलंय, तर त्यांच्या टॅगवर (लायसन्सबरोबर मिळणारा एका हरणाचा परवाना) मी हरीण मारलं तर चालतं का?

उत्तर: तुम्हाला वाईट वाटतंय ते अगदी बरोबर आहे आणि ते कुणाकडून पटवून घ्यायची गरज नाही. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे म्हणून आपल्याकडे तो शब्दच खटकतो, पण विस्कॉन्सिनमध्ये हे सगळं सरकारी लायसन्सवर आणि टॅगवर चालतं, पाच लाखांच्या वर माणसं दर नोव्हेंबरला केशरी जॅकेट घालून रानात शिरतात, आणि तिथल्या घरांमध्ये ह्या शनिवारचं स्थान म्हणजे कोकणात गणपतीला गावी जाण्याइतकं आहे. गणपतीला भाऊ ऐनवेळी येत नाही म्हणाला की घरात काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार!

आता आमच्या ह्यांचं सांगते. आम्ही बरीच वर्षं मिलवॉकीला होतो, ह्यांचा ऑफिसातला एक मित्र त्यांना दरवर्षी न्यायचा, नऊ-दहा वर्षं गेले असतील, आणि एका वर्षी ह्यांनी आठवडाभर आधी त्याला सांगून टाकलं की ऑफिसात काम निघालंय. काम वगैरे काही नव्हतं. मित्र दुखावला, मला पण कळेना. त्या शनिवारी पहाटे चारला मला जाग आली तर हे किचनमध्ये अंधारात बसलेले, समोर थर्मास, चहाने भरलेला, झाकण घट्ट लावलेलं. कुठे जायचं नव्हतं तरी भरला होता. मी काही विचारलं नाही, तेव्हाच विचारायला हवं होतं असं मला अजून वाटतं. पुढे फेब्रुवारीत डोळ्यात मोतीबिंदू निघाला तेव्हा हळूहळू बोलले, की आदल्या वर्षी पहाटेच्या उजेडात झाडीत काहीतरी हललं आणि ते हरीण आहे की माणूस हे त्यांना स्कोपमधून कळेना, म्हणून बोट काढून घेतलं आणि नंतर दिवसभर रायफल उचललीच नाही. हे मित्राला सांगणं त्यांच्याच्याने झालं नाही. काम आहे म्हणणं सोपं होतं.

म्हणून तुमच्या पत्रातली ती स्टँडवरून उतरण्याची ओळ वाचून मी थांबले. शिडीवरचं तुमचं बोलणं त्यांना लागलं असेलही, पण माझ्या मते ते लागलं कारण ते खरं आहे हे त्यांना गेल्या नोव्हेंबरपासूनच माहीत होतं. स्टँडवरून पडण्याचे अपघात जास्त करून चढता-उतरतानाच होतात, आणि त्यांच्या वयाच्या माणसाला तिथे पाय दगा देतोय हे एकदा जाणवलं की ते वर्षभर मनात राहतं. तुमच्यावरचा राग असता तर 'तू जा' कशाला म्हणाले असते?

आता मेसेज-बिसेज करू नका, ह्या शनिवारी सरळ त्यांच्याकडे जा. गेल्या गेल्या 'का येत नाही' विचारू नका, आपल्याकडचे काय आणि तिकडचे काय, त्या पिढीचे पुरुष समोरासमोर बसून असलं काही बोलत नाहीत, हात कामात असले की बोलतात. चाकूंना धार लावायचीय म्हणा, नाहीतर रायफल झिरो करायला, म्हणजे नेम जुळवून घ्यायला, गोळीबाराच्या मैदानावर येता का विचारा. मग अर्ध्या तासाने जुलैचा विषय तुम्हीच काढा, सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं, एवढं एक वाक्य पुरे, आणि मग विचारा की गेल्या वर्षी उतरताना त्रास झाला ना? आणि गप्प बसा. ते बोलले तर बोलले.

बोललेच तर स्टँडचा हट्ट सोडता येतो हे त्यांना दाखवा. जमिनीवर तंबूसारखा ब्लाइंड (लपून बसायचा आडोसा) लावून खुर्चीत बसून शिकार करणारे कितीतरी जण आहेत. चालण्याचाच मोठा त्रास असेल तर विस्कॉन्सिनमध्ये डॉक्टरांच्या दाखल्यावर थांबलेल्या गाडीतून नेम धरायचं परमिट मिळतं, त्याला क्लास ए म्हणतात. आणि बंदूक हातात घ्यायचीच नसेल तरी केबिनवर यायला काय हरकत आहे, शेकोटी, स्वयंपाक, रात्रीचे पत्ते, जुन्या कॅम्पमध्ये असा एक तरी म्हातारा असतोच आणि तो नसेल तर कॅम्प सुना वाटतो. पण हे एकदाच सांगा. नाही म्हणाले तर नाही, दुसऱ्यांदा आग्रह केला तर त्यांना पुन्हा काहीतरी कारण शोधावं लागेल, तशी वेळ त्यांच्यावर आणू नका.

टॅगचं म्हणाल तर ते घरी असतील तर नाही, अजिबात नाही. ग्रुपने शिकार करताना एकाच्या टॅगवर दुसऱ्याला मारता येतं हे खरं, पण त्यासाठी तो माणूस स्वतः लायसन्स घेऊन तिथे शिकारीला आलेला हवा आणि त्या क्षणी एकमेकांना दिसेल किंवा हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर हवा, फोन आणि वॉकीटॉकी त्यात धरत नाहीत. मॅडिसनला सोफ्यावर बसलेल्या सासऱ्यांचा टॅग हेवर्डच्या हरणाला लागत नाही.

तुम्ही मात्र जा. तुम्हीही रद्द केलंत तर आपल्यामुळे जावयाचा सीझन बुडाला हे ओझं त्यांच्या डोक्यावर बसेल. पण एकट्याने जाताय तर नेहमीपेक्षा जास्त जपून. कुठल्या स्टँडवर बसणार आणि किती वाजता केबिनवर परतणार हे रोज सकाळी बायकोला कळवा, रानात फोनला रेंज नसेल तर निघायच्या आधीच, आणि ठरलेल्या वेळेनंतर किती वाट बघून कुणाला फोन करायचा तेही तिला सांगून ठेवा. जमिनीवरून पाय उचलायच्या आधी हार्नेस अडकवा, रायफल रिकामी करून दोरीने वर ओढा. हरीण पडलं तर एकट्याने हिसके देत ओढत आणू नका, थंडीत असं ओढताना हार्ट अटॅक आलेले आहेत, बर्फावर मासेमारीला नेतात ती प्लास्टिकची स्लेड घेऊन जा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हरीण रजिस्टर करायचं ते तुम्हाला माहीत आहेच, पण दर वर्षी ते काम सासरे करत असतील तर यंदा विसराल म्हणून लिहिलं.

आणि सीझनच्या पहिल्या शनिवारी रात्री फोनच्या रेंजमध्ये आलात की पहिला फोन त्यांना. काही मिळालं नसलं तरी. मी लहान असताना, कायदा यायच्या आधी, माझ्या माहेरी संगमेश्वरकडे शेतात घुसणाऱ्या डुकरांसाठी ठासणीची बंदूक होती, आणि आजोबांना चालवेनासं झाल्यावर ते ओसरीवरच बसायचे, पण वाटे पडले की पानात बांधलेला पहिला वाटा त्यांच्याकडे यायचा आणि घेऊन येणाऱ्याने हात-पाय धुवून समोर बसून सगळं सांगायचं, डुक्कर कुठून उठलं, हाकारे कुठे होते, बार कुणाचा. आजोबा मध्येच म्हणायचे, आंब्याच्या खालून उठलं असणार, आणि तसंच असायचं. तुमच्या सासऱ्यांना ते रान तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, तर जायच्या आधी त्यांनाच विचारा की वारा उत्तरेचा असेल तर कुठे बसू, आणि आल्यावर त्यांचा वाटा घेऊन जा. फक्त त्याआधी सीडब्ल्यूडीची तपासणी करून घ्या, 2002पासून विस्कॉन्सिनच्या हरणांमध्ये हा मेंदूचा रोग सापडतोय, डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, नमुना फुकट तपासतं, रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच राहू दे.

प्रश्न: मी मिनिआपोलिसला असते. मुलगा 13 वर्षांचा, गेल्या वर्षी हौसेने फायरआर्म सेफ्टीचा कोर्स केला आणि बाबांबरोबर रानात जाऊन नुसतं बघून आला. यंदा त्याची पहिली शिकार ठरली होती आणि आता तो म्हणतो मी येणार नाही. नवरा इतका हिरमुसलाय की दोघं जेवताना बोलत नाहीत. मुलाला समजावू का?

उत्तर: समजावू नका, आधी ऐकून घ्या, आणि बाबा समोर नसताना. 'गेल्या वर्षी काय काय बघितलंस?' एवढंच विचारा. हरीण पडल्यावर ते जागच्या जागी साफ करतात, तेरा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा बघून पोटात ढवळलं असेल आणि बाबांसमोर तो काही बोलला नसेल, असं होतं. किंवा तसं काही नसेल, मित्रांबरोबर काही ठरलं असेल, तेही चालतं की. बंदूक हातात घ्यायला मनापासून तयार नसलेल्या मुलाला रानात नेऊच नये, ह्यात मला जराही शंका नाही. कोर्स फुकट जात नाही, ते सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, तिसाव्या वर्षी वाटलं तर तेव्हा जाईल.

नवऱ्याला सांगा की कोर्सचा, खर्चाचा, नव्या जॅकेटचा विषय जेवणाच्या टेबलावर काढायचा नाही. त्यांचं हिरमुसणं खरं आहे, त्यांनी वर्षभर मनात त्या सकाळचं चित्र रंगवलं असणार, तर ते त्यांनी तुमच्याजवळ बोलावं, मुलाजवळ नको. आणि ज्या दिवशी ते रानात असतील त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला की तुम्ही बोलायच्या आधी फोन मुलाच्या हातात द्या.