ब्रेक नसलेली सायकल आणि मोरेलॉन

प्रश्न : मागच्या अंकात ट्रॅक सायकलिंगवर लिहिताना तुम्ही फ्रान्सच्या डॅनियल मोरेलॉनचं नुसतं नाव घेऊन पुढे निघून गेलात. मोठा खेळाडू चांगला कोच होत नाही म्हणतात, मग याला कसं जमलं? आणि स्प्रिंटमधे ते लोक मधेच सायकल थांबवून उभे काय राहतात, रेस आहे ना ती?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. स्प्रिंटमधे बहुतेक वेळा दोघंच असतात आणि पुढचा अडचणीत असतो, कारण वारा तो कापतो, मागचा त्याच्या आडोशाने आरामात येतो, वर मागच्याला सगळं दिसतं आणि याला मान वळवून वळवून बघावं लागतं. म्हणून पुढे असलेला गडी सायकल जागच्या जागी उभी करतो, जा बाबा तू आधी. ब्रेक नसतात बरं का, चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, त्यामुळे तोल सांभाळायचा तो पुढचं चाक तिरकं करून आणि पेडलवर पाय दाबून धरून. वेळ मोजतात ती फक्त शेवटच्या २०० मीटरची, त्यामुळे आधी थांबलं तरी बिघडत नाही.

मोरेलॉन यात मुरलेला. १९६४ ला टोकियो ऑलिम्पिकमधे ब्राँझ, १९६८ ला मेक्सिकोत स्प्रिंट आणि टँडम (दोघांनी मिळून चालवायची एकच सायकल) दोन्हीत गोल्ड, १९७२ ला म्युनिकमधे परत गोल्ड, १९७६ ला फायनलमधे चेकोस्लोव्हाकियाच्या अँटोन त्काचकडून हरला. स्प्रिंटचा वर्ल्ड चॅम्पियन सात वेळा! त्याचा कोच लुई जेरार्दां, तोही १९३० चा वर्ल्ड चॅम्पियन, म्हणजे चॅम्पियन शिकवतो कसा हे यानं शिष्य म्हणून बघितलेलं.

आता माझं मत. पायातली ताकद दुसऱ्याला काढून देता येत नाही, पण मागे कधी बघायचं, ट्रॅकच्या चढावर, म्हणजे बाहेरच्या उंच कडेकडे, कधी जायचं आणि तिथून खाली कधी सुटायचं हे सांगता येतं, आणि रेस सुरू झाली की कोच फक्त बघत बसतो म्हणून ते आधीच सांगावं लागतं. मोरेलॉनची शिष्या फेलिसिया बालांजे १९९५ ते १९९९ सलग पाच वर्षं स्प्रिंटची वर्ल्ड चॅम्पियन, शिवाय ऑलिम्पिकची तीन गोल्ड. फक्त ५०० मीटर टाइम ट्रायलमधे डावपेच नसतातच, एकटीने घड्याळाशी भिडायचं, आणि तीही ती त्याच पाच वर्षांत जिंकली, तिथे माझी थिअरी जरा लंगडी पडते, पोरीच्या पायातच दम होता.