विंडोज ९८ मधला जुना मोडेम ऑफिसच्या इंटरकॉम लाइनवरून आपोआप नंबर लावत नाही, 'नो डायलटोन' दाखवतो. काय करावं?

मोडेम बहुतेक ठणठणीत आहे. इंटरकॉमचा टोन बाहेरच्या लाइनसारखा नसतो, त्यामुळे मोडेमला तो ओळखता येत नाही. कंट्रोल पॅनलमध्ये मोडेम्स उघडा, प्रॉपर्टीज, मग कनेक्शन, आणि 'डायल करण्याआधी टोनची वाट पहा' ही खूण काढून टाका. तेवढ्यानं भागलं नाही तर तिथेच अ‍ॅडव्हान्स्डमध्ये एक्स्ट्रा सेटिंग्जच्या रकान्यात एक्स३ (X3) टाका. आता मोडेम टोनसाठी अडून बसणार नाही, पण एंगेज टोन मात्र ओळखेल.

राहिला बाहेरची लाइन घेण्याचा शून्य. डायलिंग प्रॉपर्टीजमध्ये नुसता शून्य लिहू नका, त्यापुढे स्वल्पविराम द्या. खरी गोम इथेच असते. एका स्वल्पविरामाला मोडेम साधारण २ सेकंद थांबतो. एक्स्चेंज संथ असेल तर दोन द्या. हा थांबा एस८ रजिस्टरमधून, म्हणजे स्वल्पविरामाचे सेकंद ठरवणाऱ्या मोडेमच्या सेटिंगमधून, वाढवताही येतो.

आधी हायपरटर्मिनलमध्ये (मोडेमला थेट आज्ञा देण्याचा विंडोजमधला प्रोग्राम) हातानं एटीडीटी (ATDT, टोननं नंबर लावण्याची आज्ञा), शून्य, स्वल्पविराम आणि नंबर टाकून पहा. स्पीकर चालू ठेवा. टोनऐवजी टकटक करत नंबर लागणारी (पल्स) लाइन असेल तर एटीडीपी (ATDP) वापरा.