चेंडू लांब जातो, तरी धावपटू सुटतो

प्रश्न : मी बेसबॉलमध्ये सेंटर फिल्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या मधल्या भागात, खेळतो. हात दणकट आहे, कुंपणापासूनही चेंडू पोहोचवतो. तरी दुसऱ्या बेसवरचा धावपटू माझ्या थ्रोआधी होम प्लेट (जिथे धाव पूर्ण होते तो शेवटचा बेस) गाठतो. चूक कुठे होते?

उत्तर : बहुधा चेंडू हातातून सुटण्याआधीच. मेजर लीगचा (अमेरिकेतली अव्वल बेसबॉल लीग) सरासरी धावपटू पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे २७ फूट पळतो. चेंडू ग्लोव्हमधून काढताना चाचपडण्यात ०.४ सेकंद गेला, की त्याला जवळजवळ ११ फूट फुकट मिळाले. होम प्लेटवरचा निकाल एक-दोन फुटांवर लागतो. एवढी पिछाडी हाताच्या जोरावर भरून निघत नाही.

उंच झेल असेल तर चेंडू जिथे पडणार त्याच्या तीन-चार पावलं मागे थांबा आणि तो खाली येताना पुढे चालत या. झेल फेकत्या हाताच्या खांद्यासमोर घ्या. मग क्रो हॉप, म्हणजे थ्रोआधीची छोटी उडी : उजव्या हाताने फेकत असाल तर उजव्या पायावर छोटी उडी, पाऊल आडवं, डावा खांदा लक्ष्याकडे, आणि डावा पाय टाकताच थ्रो. उडी पुढे हवी. बरेच जण जागच्या जागी वर उडतात, आणि धावत येऊन कमावलेली गती तिथेच मरते. जमिनीवरून येणारा चेंडू अशा घाईत डाव्या पायाच्या बाहेरून उचला, म्हणजे पळणं अडत नाही.

पकड पाहा. दोन बोटं घोड्याच्या नालेच्या आकाराच्या शिवणीवर आडवी हवीत आणि हात डोक्यावरून यायला हवा. तिरक्या हाताने फेकलेला चेंडू वाटेत बाजूला सरकतो, आणि मग प्लेटमागे उभ्या कॅचरला प्लेट सोडावी लागते. ही पकड न पाहता, ग्लोव्हमध्येच सापडायला हवी. रोज शंभरदा चेंडू फिरवून बोटांना ती सवय लावा.

थ्रो कटऑफच्या, म्हणजे वाटेत चेंडू अडवायला उभ्या असलेल्या साथीदाराच्या, डोक्याइतक्याच उंचीने जाऊ द्या. प्लेटच्या १०-१५ फूट आधी एक टप्पा पडला तर उत्तम; कॅचरच्या अगदी पायाशी पडलेला टप्पा धरणं कठीण. कटऑफच्या वरून गेलेला उंच थ्रो तर दुहेरी नुकसान करतो : धाव जाते आणि बॅटरही दुसरा बेस घेतो.

प्रश्न : जास्त असिस्ट (आपल्या थ्रोमुळे बाद झालेले धावपटू) म्हणजे चांगला हात?

उत्तर : नेहमी नाही. ज्याच्या हाताची धास्ती असते त्याच्यावर धावपटू पळतच नाहीत. नव्या किंवा कमजोर वाटणाऱ्या हाताला उलट संधी जास्त. रॉबर्तो क्लेमेंतेला मात्र दोन्ही साधलं : १९६१ मध्ये २७ असिस्ट, शिवाय कारकिर्दीत १२ गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार. तो राइट फिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या उजव्या भागातला खेळाडू, होता. तिथून तिसऱ्या बेसचा थ्रो सर्वांत लांब, म्हणून संघ आपला सर्वांत ताकदवान हात सहसा तिथेच ठेवतात. असिस्टइतकंच हेही मोजा : बॅटर पहिल्या बेसपर्यंतच पोहोचतो अशा एकेरी फटक्यावर दुसऱ्या बेसवरचे किती धावपटू तिसऱ्यावरच थांबले.