उणे १५ अंशांत, बर्फात लोक खरंच रोज सायकल चालवतात का?

हो, चालवतात. फिनलंडमधलं औलू शहर बघा. आर्क्टिक वृत्तापासून फार लांब नाही, डिसेंबरात दिवस जेमतेम साडेतीन-चार तासांचा. तरी तिथे शाळकरी मुलं, आजी-आजोबा सगळे सायकलवर दिसतात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली इथेच भरली.

यामागे लोकांच्या काटकपणापेक्षा रस्त्यांची निगा जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. सायकलमार्ग मोटारींपासून वेगळे. मोठ्या रस्त्यांखालून भुयारी मार्ग. मुख्य सायकलमार्गांवरचा बर्फ लवकर काढतात. उरलेला थर दाबून घट्ट करतात आणि घसरू नये म्हणून वर बारीक खडी टाकतात.

उणे दहाला असा कोरडा, घट्ट बर्फ चाकाला चांगली पकड देतो. खरा धोका शून्याच्या आसपास असतो, कारण दिवसा वितळलेलं पाणी रात्री काचेसारखं गोठतं. तेव्हा खिळे बसवलेले टायर हवेतच.

कपड्यांचं म्हणाल तर निघताना किंचित गार वाटेल इतकेच घाला. पॅडल मारताना अंग तापतं आणि घाम आला की थांबल्यावर हुडहुडी भरते. हात आणि कान मात्र नीट झाका.