सुबाभळीचा बुंधा काढताना

झाड अजून उभं असेल तर आधी थांबा. जमिनीलगत कापू नका. छातीएवढं खोड ठेवा, शेवटी तेच तरफेसारखं वापरता येतं. मी पहिल्या वेळी हौसेनं जमिनीसपाट कापलं आणि मग दोन रविवार पहारीशी झुंजत बसलो.

आदल्या रात्री आळं करून भरपूर पाणी सोडा. काळी माती असेल तर वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी होऊ द्या, नाहीतर चिखलच उपसाल. मग बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर गोल चर खणा. नळाची पाइपलाइन कुठून जाते ते आधी बघून घ्या. आडवी मुळं उघडी पडली की बादलीभर पाण्यानं माती धुऊन काढा. मातीने माखलेल्या मुळावर कुऱ्हाड चालवली की एका खड्यावर धार गेलीच म्हणून समजा. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा काढून टाका, हात घालायला जागा होते.

सुबाभळीचं सोटमूळ खोल जातं. खोड चारही बाजूंना हलवत राहा. कडकड आवाज आला की त्या बाजूला खणून तोडा. बुंधा अर्धवट ठेवलात तर पावसाळ्यात पुन्हा फुटवे येतील.